येतो म्हणाले ते

१

धरणावर पोचलं की आमच्यात कामांची वाटणी ठरलेली असते. तंबू कप्तान उभा करतात, त्याच्या दोऱ्या सोडून मी पुन्हा नीट बांधते आणि अक्का घडीच्या खुर्चीत बसून आम्हा दोघांच्याही चुका काढतात. कप्तान म्हणजे माझे मिस्टर. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात गेला, होडीशी संबंध सुट्टीपुरता. पण लहानपणी ते कपड्यांच्या टबात बसून हौदात उतरले होते आणि टबासकट बुडाले होते. तेव्हापासून अक्कांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत.

डोंगरात एकाखाली एक अशी तीन धरणं आहेत. खालच्या धरणावर सहलींची गर्दी, पायाने मारायच्या बदकहोड्या आणि कुणाच्या तरी स्पीकरवरची गाणी. मधल्यावर गळ टाकून बसलेले आणि एकमेकांशी न बोलणारे लोक. वरच्या धरणावर फारसं कोणी जात नाही, कारण शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि फोनला रेंज नाही. इतकी वर्षं आम्ही खालच्या दोन धरणांवरच तंबू टाकत आलो. यंदा कप्तान म्हणाले, वरच्यावर जाऊ.

यंदा त्यांचं मन मोडायची माझी हिंमत नव्हती. थंडीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं, ऑपरेशन झालं, आणि त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी देवाला नाही नाही ती आमिषं दाखवली होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सगळं करू द्या." त्यातलं 'हळूहळू' यांनी गाळलं आणि 'सगळं' तेवढं ऐकलं. कान अधू असण्याचे असे फायदे असतात. मला या सहलीतून एवढंच हवं होतं की जसे नेले तसे यांना परत घरी आणायचे. बाकी मासे मिळोत, न मिळोत.

फाटकापाशी राखणदाराची खोली आहे. भिंतीवर खुंट्यांना केशरी लाइफ जॅकेटं ओळीने टांगलेली, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेले मोजे. माणूस भला वाटला. कप्तानांच्या जॅकेटचा प्रत्येक पट्टा त्याने स्वतः ओढून पाहिला, माझं ढिलं होतं ते बदलून दिलं, लाकडं कुठे मिळतील ते सांगितलं. निघताना मी म्हटलं, "बरं, येतो हं आम्ही."

त्याने मान वर केली. "जा," तो म्हणाला. "सावकाश जा."

दहा पावलं पुढे आल्यावर अक्कांनी नाक मुरडलं. "'जा' काय? 'या' म्हणायला याचं काय जातं?"

संध्याकाळी आम्ही चूल नीट विझवतो की नाही ते बघायला तो मोटरसायकलवरून आला, अर्धा कप चहा प्यायला आणि उठताना म्हणाला, "चला, मी जातो."

आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. तुमच्याही घरात नसेल. भाजी आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणतो, आणि घरातला माणूस आतून 'या' म्हणतो. चुकून कोणी 'जातो' म्हणालंच, तर माझ्या सासूबाई त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून नीट म्हणायला लावत. राखणदाराचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत अक्का तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या.

२

कप्तानांची होडी फुगवायची आहे. ती फुगवताना ते जेवढे दमतात तेवढे वल्हवताना दमत नाहीत. पंप मारायचं काम यंदा मी हिसकावून घेतलं, त्यावरून थोडी धुसफूस झाली. मग ते पाण्यात उतरले, कानातलं मशीन काढून डबीत घातलं, डबी माझ्या हातात दिली. मशीन पाण्यात पडायला नको म्हणून ते होडीत कधीच घालत नाहीत. छापखान्याने त्यांचा डावा कान पुरता खाल्ला आहे आणि उजवा बराचसा. मशीन काढलं की त्यांना ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.

"येतो गं," ते म्हणाले.

"या," मी म्हटलं.

धरण कुठलंही असो, पलीकडच्या काठाला, खडकाच्या सावलीत, ते गळ टाकून बसतात. मासा लागला तर सोडून देतात, असं त्यांचं म्हणणं. लागतच नाही, असं अक्कांचं. परत फिरले की अर्ध्या पाण्यातून वल्हं उंच करून ओरडतात, "येतो गंऽ!" मी काठावरून ओरडते, "याऽ!" आणि चहाचं आधण ठेवते. माझा तो 'या' त्यांना मशीनशिवायही अंधुक ऐकू येतो, आणि त्या रोखाने ते होडीचं तोंड धरतात. आधणाला उकळी येते तेव्हा होडीचं नाक वाळूला लागलेलं असतं. म्हणजे जाताना 'येतो', येतानाही 'येतो', आणि दोन्हींना 'या'. आमचा सगळा संसार या दोन शब्दांवर चालला आहे असं मी थट्टेने म्हणते. ते फारसं खोटंही नाही.

पहिल्या सकाळी मी भांडी विसळत होते. पाण्यावरून आवाज आला, "येतो गंऽ!" मी मान वर न करताच "याऽ!" म्हटलं आणि स्टोव्ह पेटवला.

चहा उकळला. आटला. कडू झाला. पाण्यावर होडी नव्हती. नुसतं पाणी, कुणी इस्त्री करून ठेवावं तसं. अक्का म्हणाल्या, "बसला असेल परत गळ टाकून. धीर धर."

कप्तान आले ते बऱ्याच वेळाने, अगदी खुशीत. या वेळी त्यांची हाक मी डोळ्यांनी पाहून ऐकली. होडी टेकल्यावर त्यांनी मशीन कानात घातलं तसं मी म्हटलं, "मघाशी हाक मारलीत आणि मग कुठे रेंगाळलात? चहाचा काढा झाला."

"मघाशी कधी?" ते म्हणाले. "मी आत्ता तर निघालो."

३

मी कान तपासते. म्हणजे तो माझा धंदाच आहे. दवाखान्याच्या मागच्या बाजूला माझी खोली आहे, भिंतींना जाड स्पंज लावलेली, दार बँकेच्या तिजोरीसारखं. पेशंटला आत बसवायचं, डोक्याला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की बटण दाबा. मी काचेच्या अलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडते आणि बटणाचा दिवा लागतो की नाही ते बघते.

या कामात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात कळते. माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. खोटं बोलत नसतात बिचारी. ऐकू यावं असं त्यांना इतकं वाटत असतं की कान आपल्याच पदरचा आवाज काढून देतो. मी त्यांना 'घाईचे कान' म्हणते. हे कान कुणाचे असतात, तर ज्यांना बहिरं व्हायची भीती वाटते त्यांचे.

तर मग मी स्वतःला सांगितलं, बाई गं, तुझे कान घाईचे झालेत. हा माणूस तुझ्या हातून जाता जाता वाचला होता, आणि आता तो पाण्यावर गेला की तो परत येतोय असं तुला सारखं ऐकायचं असतं. शिवाय सकाळी पाणी थंड असतं, वर ऊन पडलेलं असतं, अशा वेळी आवाज पाण्यावरून कुठच्या कुठे जातो. खालच्या धरणावर कुणी कुणाला हाक मारली असेल, ती वर आली असेल. माझं उत्तर मला पटलं. निदान दुपारपर्यंत पटलं.

दुपारी राखणदार लाकडं घेऊन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पलीकडच्या अंगाला कुणी तंबू टाकलाय का हो?"

"पलीकडे वाटच नाही," तो म्हणाला. "सरळ कडा आहे. का?"

"कुणाची तरी हाक आली सकाळी. येतो म्हणून."

तो मोळीची दोरी सोडत होता. त्याचे हात थांबले नाहीत, पण सावकाश झाले. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? या म्हटलं."

त्याने मान हलवली. तापाचा आकडा ऐकून नर्स हलवते तशी. लाकडं रचून ठेवली आणि म्हणाला, "फार दिवस राहू नका. हवा पालटतेय. जातो मी."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही काठावरच सतरंजी टाकली. उकडलेली अंडी, ब्रेड, काकडी, फ्लास्कमधला चहा. कप्तानांनी पोटभर खाल्लं, टोपी तोंडावर घेतली आणि आडवे झाले. मशीन काढून माझ्या पर्समध्ये टाकलं होतं. त्यांची छाती नीट वर-खाली होते आहे ना, हे मी सवयीने बघत होते. ऑपरेशननंतर ही एक सवयच लागली आहे. ऊन छान होतं. डावीकडे लांबवर सांडव्यावरून पाणी पडत होतं, त्याचा एकसुरी आवाज सोडला तर सगळं शांत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं, आणि मी ते अक्कांना बोलूनही दाखवलं.

तेव्हाच पाण्यावरून आवाज आला. "येतो गंऽ!"

मी अंडं सोलत होते. "याऽ!" मी म्हटलं. तोंडातून निसटलंच. शिंक आल्यावर हात तोंडावर जातो तितक्या सहज.

मग माझी नजर शेजारी गेली. कप्तान टोपीखाली घोरत होते.

पाण्यावर काहीही नव्हतं. मी उभी राहून डोळ्यांवर हात धरून पाहिलं. आता मात्र मी कान तपासणारी बाई म्हणून ऐकलेलं पुन्हा आठवून पाहिलं, आणि ते मला आवडलं नाही. आवाज मोठा नव्हता, भरीव होता. शाळेत सगळा वर्ग मिळून "हजर" म्हणाला की जसं होतं, तसं. एकच शब्द, एकच ठेका, पण एका गळ्यातून आलेला नाही.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. आपल्या बोलण्यात एकटा माणूस 'येतो' म्हणतो, आणि दहाजणही 'येतो' म्हणतात. मी येतो, आम्ही येतो. ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि मी माझ्या एका नवऱ्याला मानाने 'या' म्हणते, पण दारात वरात आली तरी 'या'च म्हणायचं असतं. मी त्या पाण्याला दोनदा 'या' म्हटलं होतं. कुणाला, आणि कितीजणांना?

"अक्का, ऐकलंत ना तुम्ही?"

अक्का पाण्याकडे बघत होत्या. कपाळावर आलेले केस त्यांनी दोन्ही हातांनी मागे सारले, आरशासमोर सारतात तसे.

कप्तानांनी टोपी बाजूला केली. "कुणी हाक मारली गं?" ते झोपेतच म्हणाले.

त्यांचं मशीन माझ्या पर्समध्ये होतं.

५

"उद्या निघू या," मी म्हटलं. सूर्य कड्यामागे गेला होता आणि मी ब्रेडचे उरलेले तुकडे आवरत होते. कारण काय सांगणार? हवा पालटतेय म्हणून सांगितलं.

कप्तान माझ्याकडे बघत राहिले. "तुला भीती वाटते," ते म्हणाले.

"वाटते."

"माझी?"

"तुमची नाही. तुमच्यासाठी. कळतंय का?" माझा आवाज चढला तो त्यांच्या कानांमुळे नाही.

त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "अगं, घरी मला तुम्ही सगळे काचेच्या भांड्यासारखं वागवता. इथे पाण्यावर मी जरा माणूस होतो. जाऊ उद्या. पण सकाळी एक फेरी मारू दे. एकच. मग तू म्हणशील तिथे ने."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी हो म्हटलं, आणि होडी काठ सोडून लांब न्यायची नाही असं कबूल करून घेतलं. ते झोपायच्या तयारीला तंबूत गेले. मी भांडी घेऊन अक्कांजवळ बसले.

अक्कांना आता स्वतःचं असं माणूस नाही. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. पाण्यात वगैरे नाही. ऑफिसला गेले आणि तिथल्या जिन्यात कोसळले, एवढंच. अक्का त्याबद्दल कधी बोलत नाहीत. बोलल्या तरी ते किती टापटिपीचे होते, एवढंच.

"त्या दिवशी मी पोळपाट धूत होते," अक्का एकदम म्हणाल्या. "दारातून म्हणाले, येतो. मी आतूनच म्हटलं, या. हात ओले होते, म्हणून बाहेर नाही आले."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"येतो म्हणाले होते," अक्का म्हणाल्या. रडत नव्हत्या. बस चुकली हे सांगावं तसा सरळ सूर होता. "जातो नाही म्हणाले."

"अक्का, आत चला. गार पडलंय."

"तू हो पुढे. मला इथे छान वाटतंय."

मी त्यांच्या अंगावर शाल टाकली. मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांनी खुर्ची उचलून पाण्याच्या आणखी जवळ मांडली होती.

६

सकाळी हवा स्वच्छ होती. नसती तर मी सोडलंच नसतं. सामान बांधून झालं होतं, चहासाठी स्टोव्ह तेवढा बाहेर ठेवला होता. कप्तानांनी डबी माझ्या हातात दिली आणि होडीत बसले.

"येतो गं."

मी काही म्हटलं नाही. ते वल्हं आडवं धरून वाट बघत राहिले.

"म्हण की."

"सांभाळून," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा जरा पडला. मग खांदे उडवून त्यांनी वल्हं मारलं. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं आहे ते; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, चपक-चपक. कबूल केल्याप्रमाणे ते काठाकाठाने जात होते. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मी स्टोव्हला हवा मारायला वाकले.

वर पाहिलं तेव्हा पाणी दिसत नव्हतं. धुकं आलं असं म्हणताही येणार नाही, ते कुठून आलेलं मी पाहिलं नाही. पाण्यातूनच उठलं असावं. समोरची सावरीची वाळलेली फांदी दिसत होती आणि तिच्यामागे पांढरं.

"अगंऽ!" आतून कप्तानांचा आवाज आला. हा त्यांचाच होता, एकट्याचा, जरा घोगरा. "कुठे आहेस? काठ दिसत नाहीय!"

मी तोंड उघडलं. आणि दुसऱ्या बाजूने, उजवीकडून, "येतो गंऽ." आणि समोरून. आणि लांब डावीकडून, जिथे सांडवा आहे तिथून. ओरडून नाही. घरात शिरताना माणूस बोलतो तितक्याच आवाजात.

वल्ह्यांचे आवाज येऊ लागले. एका वल्ह्याचे ठोके मला पाठ आहेत. हे तसे नव्हते. चपक-चपक-चपक-चपक, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे कुठेही पडणारे, आणि जवळ येणारे.

"अगं, बोल ना! ओरड!" कप्तानांचा आवाज आता डावीकडे सरकला होता. सांडव्याकडे. त्यांना पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि मी गप्प राहिले तर ते तसेच जात राहणार होते. 'या' म्हटलं असतं तर ते एका क्षणात वळले असते. पण ते एकटे वळले नसते.

मी पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. थंडीने दातावर दात आपटत होते. माझं डोकं इतकं स्वच्छ चाललं होतं की त्याचीच मला आता भीती वाटते.

"ये!" मी ओरडले. "ये रे! तू ये! तू एकटा ये!"

लग्न झाल्यापासून मी या माणसाला कधी अरे म्हटलं नव्हतं. नाव तर कधी घेतलंच नव्हतं. आता ते घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कोर्टात पुकारतात तसं. "तूऽ ये! फक्त तूऽ!"

सगळी वल्ही थांबली.

मग एक सुरू झालं. चपक-चपक. डावीकडून वळून सरळ माझ्याकडे.

"आलो," कोणीतरी म्हणालं.

'आलो'चंही तसंच आहे. त्यानेही काही कळत नाही. मी पाण्यात तशीच उभी राहिले. आधी होडीचं पिवळं नाक दिसलं, मग केशरी जॅकेट, मग त्यात माझा माणूस, भिजलेला आणि हसू दाबत असलेला.

"अरे-तुरे?" ते म्हणाले. "एवढं काय झालं?"

मी त्यांचे हात धरले. मग चेहरा धरला, मान धरली, नाडी बघितली. हात गरम होते. बोटांना आमिषाचा वास होता आणि करंगळीवर छापखान्यातला जुना काळा डाग. मी रडत होते आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. त्यांनी मला धरून काठावर आणलं आणि होडी ओढायला पाण्याकडे पाठ केली.

७

मी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

धुक्यात पाणी ठिबकत होतं. उचलून धरलेल्या वल्ह्यांच्या पात्यांवरून ठिबकतं तसं, ओळीने, लांबपर्यंत. ते थांबले होते. दार लोटून आत घुसणारे नव्हते ते. आपल्याकडची माणसं बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाहीत, तशी ती थांबली होती. धुकं किंचित हललं तेव्हा मला त्यांची रांग दिसली. होड्या म्हणाव्यात तर त्या पाण्यात फार खाली होत्या.

"चला," मी कप्तानांच्या उजव्या कानात म्हटलं. "होडी राहू दे. अशीच राहू दे. चला."

"अगं, हवा तर काढू दे."

"मी सांगते तेवढं ऐका. अक्का, उठा, निघायचंय."

अक्का उठल्याच होत्या. त्यांनी शाल नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती. केस विंचरलेले होते. त्या पाण्याच्या कडेला गेल्या, आणि चपला भिजल्या तरी थांबल्या नाहीत.

"येतो," धुक्यातून आवाज आला. अगदी जवळून. या वेळी एकच आवाज होता, स्वच्छ, बेताचा, टापटिपीच्या माणसाचा.

"अक्का, नको!" मी धावले. वाळूत माझा पाय अडकला. "अक्का, बोलू नका, काही बोलू नका!"

त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी मला थांबवायला मागे हात केला, स्वयंपाकघरात मधे मधे करणाऱ्या पोराला करतात तसा. मग पदर सावरला. आणि ज्या आवाजात मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, त्या नव्या नवरीच्या आवाजात, मान जराशी खाली घालून त्या म्हणाल्या,

"या."

सगळी वल्ही एकदम पाण्यात पडली.

कप्तानांनी मान वर केली आणि डावा, पुरता गेलेला कान पाण्याकडे वळवला. अक्का माझ्याकडे वळल्या. इतकं प्रसन्न मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

"उभी काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "चहात पाणी वाढव."